टँकरचं पाणी आणि फर्स्ट फ्लश

रविवार, १९ एप्रिल

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा, आला एकदाचा. दरवर्षीचंच आहे हे, फेब्रुवारी संपता संपता तिकडे ही खुडणी सुरू होते आणि तो चहा पुण्यात माझ्या हातात पडेपर्यंत आमच्या सोसायटीत टँकर सुरू झालेले असतात, म्हणजे वर्षातला सगळ्यात नाजूक चहा आणि वर्षातलं सगळ्यात भिकार पाणी दोन्ही एकदमच घरात.

पाकीट फोडलं की आधी पानं पांढऱ्या बशीत ओतून बघत बसते. हिरवट, करडी, मधेच चंदेरी टोकं. हा ब्लॅक टी आहे म्हटलं तर कोणाला पटत नाही. पण या मोसमात पानं कोमेजायला ठेवतात तेव्हाच त्यांच्यातलं पाणी इतकं उडवतात की पुढे वळल्यावर ती धड काळी पडतच नाहीत, म्हणून तो ताजा फुलांसारखा वास राहतो.

तर आज दुपारी सगळे झोपल्यावर मुद्दाम तीन कप मांडले. एकात टँकरचं पाणी, एकात आरओचं, एकात मिक्स. पानं तीच, २०० मिलीला अडीच ग्रॅम, तीन मिनिटं. टेस्टिंगची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे त्यात १०० मिलीला २ ग्रॅम आणि उकळतं पाणी घालून चक्क सहा मिनिटं ठेवतात, पण ती चहातले दोष पकडायला, तसा घरी प्यायला घेतला तर तोंड वाकडं होईल. पाणी मी ९० च्या आसपास घेते. थर्मामीटर काढला की घरात सगळे हसतात, पण खुद्द दार्जिलिंग गावात, दोन हजार मीटरवर, पाणी ९३ लाच उकळतं, तिथे कोणाला थर्मामीटर लागत असेल असं वाटत नाही.

टँकरवाला कप बघवेना. रंग गढूळ तपकिरी आणि थोड्या वेळात वर पातळ तवंग, चमचा फिरवला की त्याचे तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटतात, मग तो कप घासत बसा. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं हवेत मिळून हा पापुद्रा होतो, लिंबू पिळलं तर होत नाही, पण फर्स्ट फ्लशमध्ये लिंबू पिळायचं तर मग आणलाच कशाला. वास तर पार गेलेला. आरओवाला कप दिसायला सुंदर, फिकट सोनेरी, पण चव नुसती टोचणारी, मागे काहीच नाही. मिक्सवाला मात्र जमला! टँकरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजतो त्यावर, ६०० च्या पुढे दाखवतं, आरओचं ४०, सात कप आरओत एक कप टँकर घातलं की जवळपास ११० येतं आणि त्यात या चहाला अंग येतं, गिळल्यावर जरा वेळाने घशात गोडवा परत येतो तो फक्त याच कपात आला. लोक बागांची नावं पाठ करतात, पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. मला तर वाटतं निम्मा चहा पाण्यातच असतो.

मग राहवेना म्हणून गेल्या वर्षीचा उरलेला सेकंड फ्लश पण काढला, त्याच पाण्यात. हा मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीचा, तांबूस, पिकलेल्या द्राक्षाचा वास, त्यालाच मस्कटेल म्हणतात. आणि तो वास येतो कशामुळे तर तुडतुड्यांमुळे! तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच आपल्या कपात उतरतात. आमचा मामा रत्नागिरीत मोहोरावर तुडतुडे दिसले की फवारणीच्या खर्चाने हवालदिल होतो, त्याला फोनवर सांगितलं की तिकडे याचेच जास्त पैसे घेतात. जात वेगळी असेल पण खानदान तेच. दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला माझे पाठव तिकडे.

तेवढ्यात आई उठून आली. फर्स्ट फ्लशचा कप उजेडात धरून म्हणाली, "एवढे पैसे मोजून गोमूत्र आणलंस होय गं?" तरी प्यायली. संपवून कप खाली ठेवला आणि म्हणाली, बरा आहे, पण बिस्किटाबरोबर नाही चालायचा. मग आलं ठेचून टँकरच्याच पाण्याचा दूध घालून चहा टाकला, त्याला तवंग बिवंग काही दिसला नाही. बिस्किटाचं तिचं खरंय. मी पारलेजी बुडवून बघितलं, कपात फक्त पारलेजी उरलं.