टायट्रेशन करताना मुलं खरं बोलतात

ब्युरेट म्हणजे खुणांच्या नळीतून थेंब थेंब द्रावण फ्लास्कात सोडत रंग बदलायची वाट बघायची. एक हात ब्युरेटच्या नळावर, डोळे फ्लास्कवर, त्यामुळे तोंडावर ताबा राहत नाही. परवा टी.वाय.च्या, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या बॅचला विचारलं, केमिस्ट्री का घेतलीत रे?

घाटकोपरचा गुजराती मुलगा म्हणाला, पप्पांचा वापीला रंगांचा धंदा आहे. मी मनात ‘वाटलंच’ म्हणते तोच पुढे म्हणाला, “म्हणूनच मला त्यात जायचं नाही. सांडपाणी तपासायचंय.” चूप बसले. अणुशक्तीनगरात वाढलेल्या मुलीला संशोधन नकोच, एमबीए हवंय. दोन पिढ्या बीएआरसीत, अणुसंशोधन केंद्रात झाल्या, पुरे म्हणे.

गोवंडीच्या मुलाला पीएच.डी. करताना मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपचे महिना 37,000 तोंडपाठ. त्याचे वडील कंत्राटी सफाई कामगार. “मॅडम, बाबासाहेबांच्या नावामागे डॉक्टर होतं ना, तसं. इंजेक्शनवालं नाही, पीएच.डी.वालं.” घरात त्याच्याआधी बारावी कुणी झालेलं नाही.

मुंब्र्याहून येणारी मुलगी गप्पच होती. घरून बी.एड.पुरतीच परवानगी, हे मला ठाऊक होतं. सगळे बाटल्या धुवायला गेल्यावर जवळ आली. “मॅम, जॅमचा फॉर्म भरलाय. आयआयटीतल्या एम.एस्सी.चा. अम्मीला माहीत आहे, अब्बांना नाही.”

स्टाफरूममध्ये म्हणतात, बीएस्सीला येतात ते मेडिकलची ‘नीट’ परीक्षा हुकलेले. मीही मेडिकल हुकूनच आले होते, पण ते तिथे कोण सांगणार!

बोलण्याच्या नादात मुंब्र्याच्या मुलीचा फ्लास्क, फिक्या गुलाबीवर थांबायचा तो, गडद गुलाबी झाला होता. रीडिंग परत घ्यायला लावलं.