वेगळं ताट

आज दुपारी मामेबहिणीला मुलगी झाली! गरोदरपणात तिचा हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताच्या विषाणूसंसर्गाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हापासून घरात तिचं ताट वेगळं. आज दवाखान्यातही सासूबाई डब्यातून तिचा वेगळा चमचा काढू लागल्या, मला राहवलं नाही. "काकू, हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. उष्ट्या-खरकट्यातून नाही." त्यांच्यासमोर तिच्याच ताटातला वरणभात खाल्ला.

बाळाला तासाभरात दोन सुया. एका मांडीत लस, दुसरीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. कापसाचा बोळा तिच्या मुठीएवढा होता. पहिल्या 24 तासांत हे व्हायलाच हवं. तान्हेपणी लागण झाली तर 10 पैकी जवळपास 9 बाळांत ती कायमची ठाण मांडते, आणि पुढे सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं), यकृताचा कॅन्सर. 2022 मध्ये जगात 25 कोटींहून जास्त लोकांच्या शरीरात हा विषाणू होता, बहुतेकांना पत्ताही नाही. लस येऊन चाळीस वर्षं झाली, तरी ही परिस्थिती. फार वाईट वाटतं.

आता 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस. तारखा मी फोनमध्ये टाकल्यात. अंगावर पाजायला हरकत नाही, हे डॉक्टरांकडून काकूंसमोर दोनदा वदवून घेतलं.