फिस्तेरा ते मुशिया, दीपगृहांच्या वाटेने

स्पेनमधल्या सांतियागोला संत याकोबाच्या समाधीचं दर्शन झालं की बहुतेकांची वारी संपते. काही जण मात्र तिथून जवळपास ९० किलोमीटर चालून थेट समुद्र गाठतात, गॅलिसिया प्रांतातल्या फिस्तेराला. मीही गेलो. टोकावर १८५३ सालचं दीपगृह आणि ०.०० किलोमीटर कोरलेला दगड. पण त्या दगडाभोवती फोटोसाठी अशी झुंबड, की माझं मन काही तिथे रमेना. दुसऱ्या दिवशी याच किनाऱ्यावरच्या मुशिया गावाकडे निघालो तेव्हा कुठे वारीला निघाल्यासारखं वाटलं.

यात्रेचे पिवळे बाण बरेचसे आतल्या बाजूने, रानातून नेतात. वाटेतलं लिरेस गाव ओलांडल्यावर मी ते सोडले आणि दीपगृहांच्या वाटेच्या हिरव्या खुणा धरल्या. ही वाट कड्याच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, पोटऱ्या ओरबाडून निघतात, आणि वारा एवढा की पाठीवरची सॅक आपल्यालाच ढकलते. एका कड्याखाली दोरी बांधलेली दोन माणसं दिसली. लाट ओसरली की खडकावर उतरायची, लोखंडी पात्याने परसेबेस, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपलेवाले जीव, खरवडायची आणि पुढची लाट यायच्या आत वर. एक जण कायम समुद्राकडे तोंड करून उभा. मी थांबलो आणि बराच वेळ तिथून हलवेना.

तोउरिन्यानच्या दीपगृहापाशी चिटपाखरू नव्हतं. मुख्य भूमीवरच्या स्पेनचं सर्वांत पश्चिमेचं टोक हेच, पण जगाच्या टोकाचा मान मात्र फिस्तेराला, त्याच्या नावाचा अर्थच तो!

मुशियाला मेरीमातेचं मंदिर लाटांच्या तोंडावरच आहे. २०१३ च्या नाताळच्या दिवशी वीज पडून ते जळालं, पुन्हा उभं राहिलं. जवळच दुभंगलेली उंच शिळा आहे, २००२ च्या ‘प्रेस्टिज’ जहाजाच्या तेलगळतीची आठवण. आणि खाडीपलीकडे विलानचं दीपगृह. १८९० मध्ये ‘सर्पंट’ ही ब्रिटिश युद्धनौका त्या बाजूला फुटली, १७० हून जास्त जण गेले, तिघेच वाचले. मग १८९६ मध्ये तिथे स्पेनमधलं पहिलं विजेचं दीपगृह पेटलं. या किनाऱ्याला मृत्यूचा किनारा उगाच म्हणत नाहीत.

मंदिरासमोरच्या कमानीसारख्या खडकाखालून नऊ वेळा सरपटत गेलं की कंबरदुखी जाते म्हणे. सॅक बाजूला टाकली आणि गेलो. पाचव्या फेरीला गुडघे बोलायला लागले, मागच्या आजीबाई मात्र नऊच्या नऊ करून हसत उभ्या होत्या.