८४ वॅटचे ४८: माळ्यावरच्या सर्व्हरचा हिशेब

मंडळी, आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये सर्व्हर (दिवसरात्र चालू असणारा घरचा संगणक) माळ्यावर आहे. ऑक्टोबरात तिथे हात घातला की धग लागायची. शेवटी सर्व्हर, स्विच, राउटर, फायबरचा डबा आणि यूपीएस एकाच बोर्डावर आणून वॅटमीटर लावला. ८४ वॅट! म्हणजे महिन्याला ६० युनिट, कुणी काही वापरो न वापरो. त्यातले ५२ एकटा सर्व्हर खात होता: चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि साडेतीन इंची दोन डिस्क.

आधी प्रोसेसरचा वेग कमी करून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या, मीटर जागचा हलला नाही. रिकामा प्रोसेसर तसाही संथच चालतो. तो गाढ झोपतो की नाही, यावर सगळं असतं. पॉवरटॉपमध्ये (वीजखर्च दाखवणारं लिनक्सचं साधन) पाहिलं तर पॅकेज, म्हणजे प्रोसेसरची अख्खी चिप, सी२च्या खाली उतरतच नव्हतं (सीपुढचा आकडा जितका मोठा, तितकी झोप गाढ). एकेक गोष्ट बंद करत गेलो आणि अडथळा सापडला: जुनं साटा कार्ड, म्हणजे डिस्क जोडायचं कार्ड. त्यावर एएसपीएम (काम नसताना लिंक झोपवणारी सोय) चालत नव्हतं, त्यामुळे कार्डाला प्रोसेसरशी जोडणारी पीसीआय लिंक सतत जागी आणि तिच्यापायी प्रोसेसरही जागा. मदरबोर्डवर पोर्ट रिकामे होतेच. कार्ड काढलं, डिस्क तिकडे जोडल्या, आणि सी७ दिसायला लागलं. एकटा सर्व्हर ५२वरून ३६वर! त्या रात्री मी माळ्याखाली स्टुलावर उभा राहून नुसता तो आकडा बघत होतो.

मग डिस्क. कंटेनर (सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम) आणि लॉग (त्यांच्या नोंदी) एसएसडीवर नेले, आणि अर्धा तास काम नसेल तर डिस्क थांबाव्यात अशी वेळ एचडीपार्म या कमांडने लावली (त्यात २४१ हा आकडा द्यायचा). तरी डिस्क पुन्हा पुन्हा जाग्या व्हायच्या. डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी हा प्रोग्राम तपासणीसाठी त्यांना उठवत होता. त्याला ‘मायनस एन स्टँडबाय’ (झोपलेल्या डिस्कला उठवू नको) हा पर्याय दिल्यावर शांतता झाली. आता सर्व्हर २८वर. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लावू नका असं मी म्हणेन, सारखं थांबणं-सुरू होणं डिस्कला सोसत नाही.

२४ पोर्टांचा जुना स्विच १४ वॅट घ्यायचा आणि त्यात केबली होत्या चार. पाच पोर्टांचा बिनपंख्याचा छोटा स्विच लावला, २ वॅट.

एकूण ४८. महिन्याला २६ युनिट वाचतात. राहिला यूपीएस: बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही तो स्वतः ५ वॅट घेतो. पुढच्या रविवारी तो आणि राउटर वेगवेगळे मोजणार आहे.