आबांनी भाव केला

कापसाची वेचणी सुरू झाली की अखेरच्या दिवसांतल्या माणसांसाठीच्या माझ्या शुश्रूषाघरात रात्रपाळीला बाया मिळत नाहीत. शेवंता आहे म्हणून निभतंय. आज तीही उशिरा आली आणि तिन्हीसांजेची वेळ माझ्याच वाट्याला आली. दिवस कलला की आबांची घालमेल सुरू होते, बैल सोडायचे राहिले म्हणून दाराशी येऊन उभे राहतात. डिमेन्शियात हे असतंच. दिवे लवकर लावायचे, आवाज चढवायचा नाही, बैल केव्हाच विकले हे तर चुकूनही सांगायचं नाही. नव्या बायांना मीच शिकवते हे.

आज बैल निघालेच नाहीत. गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून आबांनी चिमूटभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणला आणि धागा उजेडात धरून पाहिला. हिंगणघाटच्या बाजारात जन्म गेला त्यांचा. पोटच्या विनूला ओळखत नाहीत, पण धागा आखूड की लांब ते बोटांना अजून कळतं. मग एकदम माझ्याकडे वळून, "महिन्याचे कितीक घेता?"

सांगून टाकलं. अठरा हजार.

"इतक्यात त सहा सालदार वर्षभर राबतेत, बाई!"

तेव्हापासून डोक्यात तेच. मरणाऱ्यांच्या जिवावर कमावते, हे गावातून ऐकून ऐकून कान किटलेत. पण ज्याच्या नावाची पावती फाडते त्यानंच विचारावं? इथल्या काकू गेल्या त्या रात्री रिकाम्या खाटेकडे बघून माझ्या मनात पहिलं काय आलं... जाऊ दे. कर्जाचा हप्ता पाच तारखेला असतो.

हिशेब मला पाठ आहे. डायपर, डॉक्टरांची फेरी, इन्व्हर्टर, वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनसाठी नागपूरची खेप. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा त्यासाठी सैल झाला, तरी आमच्या तालुक्यात ती गोळी मिळत नाही. पण आबांना हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगून तरी काय, राहणार थोडंच आहे.

मरणाऱ्यांच्या शुश्रूषेची घरं, म्हणजे आजची हॉस्पिस, जिनं उभी केली त्या सिसिली सॉन्डर्सला 1948 साली डेव्हिड तास्मा नावाचा रुग्ण मरताना पाचशे पौंड देऊन गेला. तिचं लंडनचं हॉस्पिस, सेंट ख्रिस्तोफर्स, उघडलं 1967 मध्ये. मधल्या काळात बाई डॉक्टर झाली आणि पैसेही गोळा करत राहिली. म्हणजे हॉस्पिसची पहिली वीटच मरणाऱ्याच्या पैशाची! तिला कुणी विचारलं असेल का, कितीक घेता म्हणून? आपल्याकडे सेवा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, वरोरा इथून लांब थोडंच आहे. पण बाबा आमट्यांनीसुद्धा माणसांच्या हातात भीक नाही, काम दिलं, हे सोयीनं विसरतात. आता आबांना मी कोणतं काम देऊ? गादी पिंजायचं? ते तर त्यांनी आपणहून सुरू केलंय.

खरी गंमत पुढेच झाली. आबा म्हणाले, "दोन हजार कमी करा, नाही त माल उचलतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचशे."

"लिवून घ्या."

वहीत लिहिलं, त्यांनी अंगठा टेकवला आणि भाकर मागितली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

विनूला हे सांगायला हवं खरं तर, हसेल तो. पण तो बापाचाच लेक, पुढच्या महिन्यात खरंच पाचशे कापून पाठवेल. नाही सांगत.