पिशवी घेऊन या, हे आम्ही सांगायचं कुणाला?

ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या सासऱ्यांचं, नानांचं, वाणसामानाचं दुकान. 2016 साली मी त्याला व्हॉट्सॲपची जोड दिली. रात्री दहापर्यंत यादी पाठवा, सकाळी किराणा आणि भाजी घरपोच. भाजीसाठी नवरा पहाटे तीनला टेम्पो घेऊन वाशीच्या बाजार समितीत जायचा आणि साडेसहाला मी गाळ्यात ऑर्डरी भरायला बसायचे. पहिली दोन वर्षं सगळ्यांची जातात तशीच गेली, उधारी आणि धावपळीत.

सांगण्यासारखं घडलं ते 2018 च्या गुढीपाडव्यानंतर. 23 मार्चला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर 23 जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर कैद. शेजारच्या भाजीवाल्याने पुठ्ठ्यावर लिहून टांगलं, 'पिशवी घरून आणा', आणि तो मोकळा झाला. आम्ही हे कुणाला सांगणार? आमच्या गिऱ्हाइकाची पिशवी तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे आणि माल आमच्या गाळ्यात. दुकानात पिशवीची जबाबदारी गिऱ्हाइकावर गेली, घरपोच धंद्यात ती आमच्याच गळ्यात राहिली.

आधी खाकी कागदी पिशव्या आणल्या. प्लास्टिकची झबला पिशवी पैशांत पडायची, ही रुपयांत. तेही सोसलं असतं, पण जुलै आला. वाशीहून आलेली मेथी निथळत असते, कोथिंबिरीच्या मुळाशी चिखल असतो. मानपाड्याच्या एका सोसायटीत ऐन लिफ्टच्या दारात पिशवीचा तळ सुटला. कांदे सापडले, लिंबं फटीतून खाली गेली. आमचा माल पोचवणारा पोरगा लिफ्टमनची माफी मागत होता आणि त्या घरच्या वहिनी फोनवर मला विचारत होत्या, "अहो, लिंबाचे पैसे धरलेत का?" नाही धरले.

मग एका व्यापाऱ्याने 'कापडी'च म्हणून रंगीत पिशव्या दिल्या. हाताला कापडासारख्याच लागायच्या. महिन्याभरात पथक आलं आणि 5,000 ची पावती फाडून गेलं. त्या रात्री नानांनी एका पिशवीचा कोपरा काडेपेटीच्या काडीवर धरला. सुती कापड जळलं की राख होते. हे वितळलं आणि त्याचा काळा मणी झाला. ही 'नॉन-वोव्हन', म्हणजे न विणलेली, पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, प्लास्टिकच, आणि बंदीच्या यादीत तेही होतं. चूक आमचीच. अधिसूचना मी वाचली होती, पण दंडाच्या आकड्यांपुढे गेले नव्हते.

त्याच आठवड्यात मी जुन्या ऑर्डरी काढून मोजत बसले. बारा जिनसांच्या भाजीला दारात द्यायची पिशवी एकच, पण आत मिरचीची वेगळी, आल्याची वेगळी, मटाराची वेगळी. सगळे भांडत होते त्या बाहेरच्या एका पिशवीवरून, आणि आतल्या दहा-अकरा कुणी मोजतच नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक सगळं एकाच पिशवीत ओतून नेतं. घरी मागवलं की तिलाच प्रत्येक जिन्नस वेगळा लागतो, कारण चुकलं-माकलं तर दाखवता आलं पाहिजे.

इथे नाना उपयोगी पडले. वरून लोंबणारं दोऱ्याचं रीळ, डाव्या हातात कागदाचा कोन, दोन वेढे, गाठ न मारता दोरा तोडायचा. त्यांची पुडी उलटी धरली तरी सुटत नाही. फक्त ते बांधायचे वर्तमानपत्रात, आणि छपाईची शाई खाण्याला लागू नये म्हणून त्याला आता मनाई आहे. कोरा खाकी कागद आणला. "कोऱ्या कागदाला वास नाही गं," म्हणून आठवडाभर कुरकुरले. आमच्या दोन्ही पोरांना पुडी जमायला महिना लागला. मला अजून नीट जमत नाही, माझी मोहरी सांडते. पालेभाजी आम्ही सुतळीने बांधतो आणि पाणी निथळल्याशिवाय भरत नाही. त्यामुळे आमची ऑर्डर अर्धा तास उशिरा निघते. तो उशीर आम्ही खपवून घेतला आणि काही गिऱ्हाइकं सोडून गेली.

बाहेरच्या पिशवीसाठी जाड सुती मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या, 40 रुपये अनामत ठेवून. कल्पना अशी की आज माल द्यायचा, पुढच्या खेपेला रिकामी पिशवी परत घ्यायची. पिशव्या परत येईनात. एक मला गिरणीत दिसली, कुणाचं तरी ज्वारीचं दळण घेऊन उभी. चांगली पिशवी कोण परत देतं? 2011 मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने हिशोब मांडला होता: हवामानाच्या दृष्टीने सुती पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरायला ती 131 वेळा वापरावी लागते. म्हणून मी प्रत्येक पिशवीवर क्रमांक घातला आणि फेऱ्यांची वही ठेवली. तीस फेऱ्या ओलांडणारी पिशवी सापडली की आम्ही एकमेकांना दाखवतो. 131 अजून एकीनेही केलेल्या नाहीत.

मार्च 2020 नंतर ऑर्डरी चौपट झाल्या आणि परत आलेली पिशवी हातात घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा प्लास्टिकचे क्रेट काढले. पोरगा क्रेट दारात ठेवतो, ताई आपल्या टोपलीत माल काढून घेतात, क्रेट परत. प्लास्टिकच ते, पण वर्षानुवर्षं चालतं. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही ठरावीक वस्तूंवर बंदी आली, तोवर आमची घडी बसली होती.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिथे 4 मे 2022 पासून मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकच्याच काय, कागदी पिशव्याही बंद झाल्या. घरपोच माल यायचा तो दर वेळी नव्या, जाड, 'पुन्हा वापरा' छाप पिशव्यांत, आणि परत न्यायची सोय नाही. तिच्या गॅरेजमध्ये त्यांचा ढीग झाला. फोटो पाठवून म्हणाली, "वहिनी, तुझ्या गिऱ्हाइकांना हव्यात का?" तिकडच्या मोठ्या कंपन्यांचंही घोडं तिथेच अडलेलं बघून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

क्रेटची सोय दार उघडायला कुणी असेल तरच. घोडबंदर रोडच्या टॉवरांत दोघंही कामावर, माल वॉचमनकडे ठेवायचा, म्हणजे पुन्हा कापडी पिशवी आणि पुन्हा वही. मागच्या आठवड्यात कोलशेतच्या एका काकूंनी घर बदलताना आमच्या चौदा पिशव्या एकदम परत केल्या, धुऊन, घड्या घालून. अनामतीचे 560 रुपये मोजून दिले. वहीशी ताळा घेतला तर तेरा आमच्या निघाल्या. चौदावी कुठल्याशा साडीच्या दुकानाची आहे. ती काउंटरवर ठेवली आहे.