आमची वाटचाल : कागद, वेज मशीन आणि पालघरचं तळं

भोसरीतल्या एका गाळ्यात प्लास्टिकचा कागद तापवून दुहेरी सांधा जोडणारं एक वेज मशीन आणि दोन हॉट एअर गन घेऊन आम्ही सुरुवात केली. पहिली सात-आठ वर्षं डाळिंब-द्राक्षांच्या शेततळ्यांना पाणी मुरू नये म्हणून हा कागद अंथरण्यात गेली. खरा कस मत्स्यतळ्यांनी लावला.

पालघरकडे कोळंबीच्या तळ्याला 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (प्लास्टिकचा एक प्रकार) कागद टाकला. सांधे पक्के होते. दुहेरी सांध्यामधल्या पोकळीत सुई घालून दोन बार दाबाने हवा भरली, पाच मिनिटं दाबमापकाचा काटा हलला नाही. तरीही व्हॅनामेई जातीच्या कोळंबीच्या काढणीला पाणी उतरवलं आणि कागद म्हशीच्या पाठीसारखा मधोमध वर आला. भरतीला जमिनीतलं पाणी चढतं. वरचं वजन गेलं की ते कागद उचलतं. त्यात खालचा पालापाचोळा कुजून वायू साचलेला. तळाखाली छिद्रांचा निचरा पाइप टाकला नव्हता, ही चूक आमचीच. पण ‘यांचे सांधे सुटतात’ असं एका स्पर्धकाने गावोगाव पसरवलं, ते धादांत खोटं होतं. बिल अडकलं, मशीन गहाण पडलं. तो सल अजून गेलेला नाही.

त्या दिवसांत इंदापूरच्या आबांनी रोहू-कटल्याच्या तळ्याचं काम दिलं, तेही आगाऊ रकमेसह. तळं 30 बाय 30 मीटर, खोली 3, उतार आडवा दीड-उभा एक. त्याच स्पर्धकाचं कोटेशन 900 चौरस मीटरचं, आमचं 1150 चं. आबांनी स्वतः टेप धरला: तळ 21, दोन्ही उतार प्रत्येकी 5.4, काठावरच्या चरात कागदाची कड दाबायला दोन्हीकडे एकेक मीटर. एक बाजू जवळपास 34 भरली. वरचं तोंड मोजून कागद आणला असता, तर तो काठापर्यंतही पोचला नसता, चरात दाबणं दूरच. तेव्हापासून आबांची सगळी तळी आमच्याकडेच.

कागद घेताना जाडी मोजायला मायक्रोमीटर लावा, छापील आकड्यावर जाऊ नका. जोडकाम सकाळीच उरका. दुपारी तापून पसरलेला कागद ताणून बसवला, तर रात्री आखडतो आणि उताराच्या पायथ्याशी अधांतरी राहतो. तिथेच पुढे फाटतो. एरेटरखाली (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राखाली) कागदाचा जादा तुकडा जोडा, त्याचे दोर कडेला घासू देऊ नका. गाळ काढायला फावडं नको, रबरी वायपर आणि पंप पुरे. आता आम्ही तळाखाली कापड गुंडाळलेला निचरा पाइप आणि वरच्या उतारावर झाकणाची हवाछिद्रं दिल्याशिवाय कोळंबीच्या तळ्याला कागद लावतच नाही.